हौशी कोण आणि व्यावसायिक कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात यात्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. या दंगलीचा जुना शिरस्ता असा, की पहिली कुस्ती नारळाची. दोन लहान पोरे मातीत उतरतात, जो जिंकेल त्याच्या हाती नारळ ठेवला जातो. मग हळूहळू इनामाचा आकडा चढत जातो आणि दिवस कलताना सगळ्यांत मोठ्या इनामाची कुस्ती लागते. फडाभोवती बसलेल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. पैलवानाने वर्षभर मेहनत केली, त्याचे त्याला मिळाले, इतका तो सरळ व्यवहार.

हाच व्यवहार क्रीडा संघटनांच्या नियमपुस्तकात शिरला की मात्र अवघड होऊन बसतो. तिथे ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ अशा दोन जाती केलेल्या असतात. हौशी तो सोवळा आणि पैसे घेऊन खेळणारा तो धंदेवाईक, म्हणजे काहीसा ओवळा. मी शाळेत इतिहास शिकवत असे. खेड्यातल्या शाळांच्या रिवाजाप्रमाणे खेळाचा तासही माझ्याच गळ्यात पडे. त्यामुळे असेल, पण एखादा खेळ पोट भरण्याचे साधन कसा होतो आणि होताना त्याची किती ओढाताण होते, हा प्रश्न मला राजेरजवाड्यांच्या लढायांइतकाच इतिहासाचा वाटत आला आहे. आज त्याची दोन उदाहरणे तुमच्यापुढे ठेवतो. एक सातासमुद्रापलीकडचे, अमेरिकन फुटबॉलचे. दुसरे आपल्या अंगणातले, कबड्डीचे.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. त्यात लंबगोल चेंडू हातात घेऊन समोरच्या संघाच्या हद्दीत घुसायचे असते आणि समोरच्यांनी त्याला धरून, पाडून थांबवायचे असते. आपल्या चढाई आणि पकडीशी याचे नाते लांबचे असले तरी ओळख पटण्यासारखे आहे. हा खेळ तिकडच्या महाविद्यालयांत वाढला. दोन महाविद्यालयांतला पहिला सामना १८६९ साली झाला. खेळणारी मुले बहुतेक खात्यापित्या घरची. त्यामुळे पैशासाठी खेळणे हे त्यांना आणि त्यांच्या प्राध्यापकांना कमीपणाचे वाटे.

पण ज्या गावाला जिंकायचे असते ते गाव वाट शोधते. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्ग शहरातल्या दोन क्लबांमध्ये सामना होता. त्यातल्या अ‍ॅलेगेनी क्लबने येल विद्यापीठाचा गाजलेला माजी खेळाडू विल्यम हेफलफिंगर याला गुपचूप पाचशे डॉलर दिले. त्याने सामना जिंकून दिला. उघडपणे कोणी काही बोलले नाही, कारण कळले असते तर क्लबवर हौशी संघटनेची कारवाई झाली असती. मात्र क्लबच्या खर्चाच्या हिशेबात ती रक्कम इमानेइतबारे मांडून ठेवली गेली! अनेक दशकांनी ते पान उजेडात आले आणि आज व्यावसायिक फुटबॉलचा जन्मदाखला म्हणून ते कॅन्टन गावच्या संग्रहालयात जपलेले आहे. मला या गोष्टीतली गंमत अशी वाटते, की एका मोठ्या व्यवसायाचा जन्म झाला तोच मुळी लपवाछपवीत.

पुढची वीस-पंचवीस वर्षे अशीच गेली. ओहायो राज्यातल्या कॅन्टन आणि मॅसिलन या शेजारच्या गावांची चुरस इतकी वाढली, की १९०६ साली सामना विकला गेल्याचा आरोप झाला आणि दोन्हीकडचा खेळ काही वर्षे बसला. त्या काळातली तीन दुखणी सगळे सांगत. खेळाडूंचे भाव संघांना परवडेनासे झाले होते. खेळाडू आज या संघात तर पुढच्या रविवारी दुसऱ्या संघात, असे उड्या मारत. आणि महाविद्यालयातली मुले खोट्या नावाने पैसे घेऊन खेळत.

या तीन दुखण्यांवर औषध शोधायला संघचालक १७ सप्टेंबर १९२० रोजी कॅन्टनमध्ये जमले. बैठकीची जागा म्हणजे राल्फ हे नावाच्या व्यापाऱ्याचे मोटारींचे शोरूम. खुर्च्या पुरेनात म्हणून काही मंडळी मोटारींच्या फूटबोर्डवर बसली. प्रत्येक संघाने शंभर डॉलर भरायचे ठरले. ते शंभर डॉलर प्रत्यक्षात कोणी भरले नाहीत, असे त्यांच्यातलेच लोक पुढे सांगत. तिथे जी संघटना स्थापन झाली तिचे नाव १९२२ साली ‘नॅशनल फुटबॉल लीग’ झाले. आज ही जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रीडा संघटनांपैकी एक आहे.

त्या बैठकीत अध्यक्ष कोणाला केले, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावे. अध्यक्ष झाला जिम थॉर्प. हा अमेरिकेतला आदिवासी, सॅक अँड फॉक्स या जमातीचा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली होती. दुसऱ्याच वर्षी ती काढून घेण्यात आली. गुन्हा काय, तर ऑलिंपिकच्या आधी दोन उन्हाळे तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. असे सुट्टीतले बेसबॉल अनेक विद्यार्थी खेळत. पण ते खोटे नाव लावून खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला आणि अडकला. तो १९५३ साली वारला. पदके परत देण्याचा निर्णय झाला १९८२ मध्ये आणि त्या दोन स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागायला २०२२ साल उजाडावे लागले.

‘हौशी’ या शब्दाची खरी किंमत कोणाला मोजावी लागते, हे इथे दिसते. घरी भाकरीची सोय असलेल्याला हौस परवडते. ज्याच्या घरी ती नाही, त्याने चार पैसे घेतले की तो बाटला. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत जवळजवळ ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणून थॉर्पची कहाणी मला दूरची वाटत नाही.

आता त्या पहिल्या संघांकडे पाहू. एक संघ डिकेटर गावातल्या स्टेली कंपनीचा. ही कंपनी मक्यापासून स्टार्च बनवी. जॉर्ज हालस नावाच्या तरुणाला तिने कामावर घेतले. त्याने अट घातली, की खेळाडूंना कारखान्यात नोकरी द्यावी आणि रोज कामाच्या वेळातच सराव करू द्यावा. हाच संघ पुढे शिकागोला गेला आणि ‘शिकागो बेअर्स’ म्हणून प्रसिद्ध झाला. दुसरा संघ कोलंबस गावचा. त्यात बहुतेक रेल्वेच्या वर्कशॉपमधले कामगार. त्यांच्याकडे रेल्वेचे पास असत, म्हणून हा संघ परगावीच जास्त सामने खेळे, प्रवासखर्च शून्य! तिसरा ग्रीन बे गावचा. १९१९ साली तिथल्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने गणवेशासाठी पाचशे डॉलर दिले, म्हणून संघाचे नाव पडले ‘पॅकर्स’.

कारखाना, रेल्वे, कंपनी. ही नावे ऐकून महाराष्ट्रातल्या कबड्डीप्रेमी माणसाला घरचेच काही ऐकल्यासारखे वाटले असेल. आपण आता आपल्या अंगणात येऊ.

हुतूतू हा आपल्याकडे पोरांनी रेघा ओढून खेळायचा खेळ. दक्षिणेत त्याला चेडुगुडू म्हणत, बंगालात हाडूडू. प्रत्येक मुलखाची तऱ्हा वेगळी. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी समोरचा बाद झाला की पुन्हा जिवंत होई. गामिनीत एकदा मेला तो मेला. अमर प्रकारात बाद झालेला बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजला जाई. अशा परिस्थितीत दोन गावांचा सामना लावायचा तरी कसा? आधी नियम हवेत. ते काम महाराष्ट्राने केले. १९१८ पासून नियमांची जुळवाजुळव सुरू झाली, १९२३ मध्ये ते छापून निघाले आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची. खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव तथा बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, तो उगाच नव्हे.

१९७२ साली राष्ट्रीय संघटनेची नवी घडी बसली आणि तिच्या नावातच शब्द आला ‘अ‍ॅमॅच्युअर’, म्हणजे हौशी. आता गंमत पाहा. संघटना हौशी, पण महाराष्ट्रात कोणत्याही मोठ्या कबड्डी स्पर्धेची पत्रिका हाती घेतली तर त्यात एक गट हमखास सापडे: ‘व्यावसायिक गट’. या गटात कोण? महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, मुंबई बंदर, महाराष्ट्र पोलीस, देना बँक. म्हणजे नोकरी देणाऱ्यांचे संघ. आपण व्यावसायिक खेळाचा प्रश्न असा सोडवला होता. खेळाडूला खेळाचे पैसे द्यायचे नाहीत. त्याला नोकरी द्यायची, आणि नोकरीतून थोडा वेळ खेळायला द्यायचा. डिकेटरच्या स्टार्च कंपनीने १९२० मध्ये जे केले तेच आपल्या रेल्वेने आणि बँकांनी केले. फरक इतकाच, की अमेरिकेत ही अवस्था थोडी वर्षे टिकली, आपल्याकडे ती अर्धशतक पुरली.

या पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. लालबाग-परळच्या चाळीतल्या आणि सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांच्या किती मुलांची घरे या नोकऱ्यांनी उभी केली! गुडघा गेला तरी पगार जात नसे. खेळ थांबल्यावरही टेबल आणि खुर्ची असे, पुढे निवृत्तिवेतन असे. मुलीचे लग्न ठरवताना ‘मुलगा कबड्डी खेळतो’ म्हटले तर लोक तोंड फिरवत. ‘रेल्वेत आहे, कबड्डीवर लागला’ म्हटले की चहा येई. १९७२ मध्ये सदानंद शेट्ये यांना कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा या खेळात मान होता. पण घर चालायचे ते नोकरीच्या पगारावर.

तोटा दोन बाजूंनी होता. एक, खेळाडूची उडी कितीही मोठी असो, तिचे छत कारकुनाच्या किंवा शिपायाच्या पगाराइतकेच. आणि दोन, नोकऱ्याच आटल्या तर? १९९१ नंतर तेच झाले. सार्वजनिक उद्योगांतली भरती रोडावली, बँका एकमेकींत विलीन झाल्या, एअर इंडिया तर २०२२ साली टाटांकडे गेली. राज्य सरकारने २००५ साली खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण ठेवले, ते चांगलेच झाले. पण नोकरी हेच बक्षीस ठरल्यावर मैदानावर न उतरताच प्रमाणपत्र मिळवणारेही निघाले आणि बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे गाजली. हेफलफिंगरचे पाचशे डॉलर जसे लपून दिले गेले, तसाच हा लपवाछपवीचा दुसरा नमुना. श्रमाचा मोबदला सरळ हाताने दिला नाही, की तो वाकड्या हाताने घेतला जातो.

अमेरिकेत नोकरीची अवस्था संपवणारा माणूस होता रेड ग्रेंज. इलिनॉय विद्यापीठाचा हा तुफान धावणारा खेळाडू. १९२५ च्या नोव्हेंबरात महाविद्यालयाचा शेवटचा सामना खेळला आणि लगेच शिकागो बेअर्समध्ये दाखल झाला. त्याचा पहिला सामना पाहायला छत्तीस हजार लोक आले. डिसेंबरात न्यूयॉर्कला सुमारे सत्तर हजार लोटले आणि बुडायला आलेला तिथला संघ एका दिवसात तरला. तोवर या खेळाकडे नाक मुरडणारी वर्तमानपत्रे पहिल्या पानावर बातमी छापू लागली.

पण एका माणसाच्या लोकप्रियतेवर उभा राहिलेला डोलारा तितकाच डगमगतो. ग्रेंजच्या मध्यस्थाला संघात वाटा हवा होता. तो मिळेना म्हणून त्याने १९२६ मध्ये स्वतःची वेगळीच लीग काढली. एका हंगामात ती गारद झाली. जुन्या लीगमध्ये त्या वर्षी बावीस संघ होते, पुढच्या वर्षी बारा उरले. आणि आर्थिक मंदीच्या तडाख्यात १९३२ साली राहिले फक्त आठ. आज ज्यांचे आकडे ऐकून आपले डोळे विस्फारतात, त्यांचे बारा वर्षांचे पोर असे मरणाच्या दारात होते.

कबड्डीचा ‘रेड ग्रेंज’ म्हणजे एखादा खेळाडू नव्हे, तर दूरचित्रवाणी. मे २०१४ मध्ये मुंबईत प्रो कबड्डी लीगसाठी खेळाडूंचा पहिला लिलाव झाला. सर्वाधिक बोली लागली रेल्वेच्या राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजार रुपये. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने लीग सुरू झाली. पहिल्याच हंगामाचे प्रेक्षक पाहणीत साडेत्रेचाळीस कोटी भरले, आयपीएलच्या खालोखाल. आठाचे बारा संघ झाले. २०१८ मध्ये मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले, तर २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. १ मार्च २०२४ रोजी अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेतेपद आणले, तेव्हा मराठी माणसाची छाती फुगली हे सांगायला नको.

दुखणीही त्याच क्रमाने आली. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाच्या वरिष्ठ पदांवरच्या निवडी रद्द ठरवून प्रशासक नेमला. २०१९ च्या मे महिन्यात पुण्यात एक प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली आणि एका हंगामानंतर थांबली. १९२६ आणि २०१९ या दोन सालांत त्र्याण्णव वर्षांचे अंतर आहे, पण कथानक तेच. खेळात पैसा दिसला, की त्या खेळाचा मालक कोण, हा तंटा उभा राहतोच.

दुसरा तंटा नियमांचा. डिसेंबर १९३२ मध्ये शिकागोत बर्फ इतके पडले, की अजिंक्यपद ठरवणारा सामना छपराखाली, लहान मैदानावर खेळवावा लागला. जागा कमी म्हणून तात्पुरते नियम केले. ते प्रेक्षकांना इतके आवडले, की त्यातले काही पुढच्या वर्षी कायम झाले. जुने जाणकार कुरकुरले, पण खेळ वेगवान झाला. कबड्डीतही मातीची जागा मॅटने घेतली, खेळ छपराखाली आला. पूर्वी चढाईची मर्यादा म्हणजे गड्याचा दम. दम सुटला की चढाई संपली. आता तीस सेकंदांचे घड्याळ आले. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर बाद व्हायचे. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर जादा गुण. ‘ही आमची कबड्डीच नव्हे’ असे म्हणणारे माझ्या वयाचे पुष्कळ आहेत. मी त्यांना १९१८ ची आठवण करून देतो. संजीवनी, गामिनी आणि अमर यांचा मेळ घातला गेला, तेव्हाही अनेक गावांना आपला हुतूतू गेल्यासारखेच वाटले असणार.

माझी खरी चिंता नियमांची नाही. या वाढीत मागे कोण राहिले, याची आहे.

अमेरिकेत लहान गावे मागे राहिली. ज्या कॅन्टनमध्ये लीग जन्मली तिथला संघ १९२६ नंतर उरला नाही. काळ्या वर्णाचे खेळाडू सुरुवातीला लीगमध्ये होते. १९३४ ते १९४५ एकही नव्हता. तसा कायदा नव्हता, नुसती संघमालकांची आपसातली समजूत. आणि आदिवासींचे काय? १९२२-२३ मध्ये ओहायोतल्या लारू या हजारभर वस्तीच्या गावाचा एक संघ लीगमध्ये होता, सगळे खेळाडू आदिवासी, खेळाडू-प्रशिक्षक जिम थॉर्प. पण मालक होता कुत्र्यांचा व्यापारी. सामन्याच्या मध्यंतरात खेळाडूंनी विश्रांती घ्यायची नाही, तर पारंपरिक नाच दाखवायचे आणि मालकाच्या कुत्र्यांची जाहिरात करायची. दोन हंगामांत तमाशा जुना झाला आणि संघ बंद पडला. पाहुण्यांच्या स्वागतासाठी भर उन्हात आदिवासी मुलांना नाचायला उभे करण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यावर वेगळे काही सांगायला नको.

आपल्याकडे मागे राहिल्या त्या मुली. महाराष्ट्रातल्या महिला कबड्डीचा दबदबा जुना. २०१२ मध्ये पाटण्याला भारताने महिलांचा पहिला विश्वचषक जिंकला, त्या संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर तीन संघांची एक छोटी महिला स्पर्धा घेतली गेली. लोकांनी पाहिली, वाखाणली. पण पुढच्या वर्षी प्रो कबड्डीचे पुरुषांचे संघ बारा झाले आणि महिलांची स्पर्धा बंद झाली. मुलींसाठी नोकरी हाच आजही मुख्य आधार आहे, आणि नोकऱ्यांचे काय झाले ते वर सांगितलेच.

आणि आमच्यासारखे जिल्हे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातला मुलगा चढणीवर वाढतो. त्याच्या पायात आणि छातीत जे असते ते कोणत्याही व्यायामशाळेत मिळत नाही. पण दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. कबड्डीचा हंगाम भरात येतो नेमका त्याच दिवसांत. माझ्या शाळेच्या संघातले चांगले चढाईपटू मी अनेकदा हजेरीपटावरूनच गमावले आहेत. मुलगा थकला नव्हता, कंटाळला नव्हता. टोळीत दोन हात कमी पडत होते. त्याच्या बापाला मी काय सांगणार होतो? तुझा मुलगा हौशी खेळाडू आहे, त्याला हौस करू दे?

अमेरिकेच्या लीगला तारले ते ताऱ्यांनी नव्हे, वाटणीने. अध्यक्ष जो कार हा मूळचा त्या रेल्वे कामगारांच्या संघाचा व्यवस्थापक. त्याने १९२१ पासून करार पाळायला लावले आणि विद्यार्थ्यांना शिक्षण पुरे होईपर्यंत घ्यायचे नाही असा नियम आणला. १९३६ पासून नव्या खेळाडूंच्या निवडीत सगळ्यांत कमजोर संघाला पहिली संधी देण्यात आली. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला जे बर्वेंगर मात्र एकही सामना खेळला नाही. मागितलेले पैसे मिळेनात, म्हणून तो रबराच्या कंपनीत विक्रेता झाला. म्हणजे तिकडेही तेव्हा नोकरीच बरी होती! शेवटी १९६१ मध्ये दूरचित्रवाणीचे पैसे सर्व संघांत सारखे वाटण्याची तरतूद झाली. त्यामुळे लाखभर वस्तीचे ग्रीन बे आजही न्यूयॉर्कच्या बरोबरीने उभे आहे. १९२३ पासून त्या संघाची मालकी गावकऱ्यांकडे आहे; एकट्या कोणा धनिकाकडे नाही.

आपल्या कबड्डीने वाटणीचा पहिला धडा लवकर गिरवला. संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा याला लीगमध्ये मर्यादा आहे, त्यामुळे एकच संघ सगळे तारे गोळा करू शकत नाही. पण ही वाटणी बारा संघांच्या आत थांबते. तिची धार तालुक्याच्या मैदानापर्यंत पोचायला हवी. आश्रमशाळेत एक मॅट, एक जाणता प्रशिक्षक, आणि निवडक मुलामुलींना ऊसतोडीच्या चार-पाच महिन्यांत घरची मजुरी भरून निघेल इतकी शिष्यवृत्ती. दोन कोटींच्या बोलीपुढे ही रक्कम किती क्षुल्लक, याचा हिशेब कोणीही करावा.

व्यावसायिक खेळ म्हणजे कोट्यवधींचा लिलाव, अशी आपली समजूत झाली आहे. मला त्याचा अर्थ साधा कळतो. मुलाला किंवा मुलीला मैदानावर पाठवताना आईबापाला त्याच्या पोटाची चिंता पडू नये, इतके झाले म्हणजे खेळ व्यवसाय झाला. त्या मापाने पाहिले तर बोली लागलेल्या खेळाडूंपुरता कबड्डीचा व्यवसाय झाला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी तो अजून व्हायचा आहे.